गुडघेदुखीवर रांजणातलं गार पाणी

गेवराईकडच्या आमच्या घरी आईचे गुडघे कापूस वेचून आणि खुरपून झिजलेत. रोज रात्री मी तिला हे स्वसंमोहन, म्हणजे कल्पनेने स्वतःच स्वतःला संमोहित करणं, करायला लावते. एक्स-रे काढून डॉक्टरांनी झीज सांगितली, मगच सुरुवात केली. छातीत दुखत असेल, दुखणं नवीन असेल किंवा अचानक वाढलं असेल तर सरळ दवाखाना गाठा.

भिंतीला पाठ टेकून बसा, डोळे मिटा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. दहापासून एकपर्यंत उलटं मोजत खांदे, जबडा, मांड्या सैल सोडा. आता मनानेच उजवा हात रांजणात बुडवा. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत गार पाणी. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. इथे अजिबात घाई करू नका, सगळं काम याच टप्प्यावर होतं. हात जड, बधिर वाटू लागला की गुडघ्यावर ठेवा आणि म्हणा, "गारवा आत उतरतोय." 'दुखत नाही' असं म्हणू नका, त्याने लक्ष दुखण्याकडेच जातं. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडा.

ही बेशुद्धी नाही, भानामती तर मुळीच नाही. १८४०च्या दशकात एस्डेल या स्कॉटिश सर्जनने बंगालमध्ये हुगळीला मेस्मेरिझमच्या (संमोहनाच्या जुन्या प्रकाराच्या) आधाराने शस्त्रक्रिया केल्या होत्या. झीज याने भरून येत नाही, दुखण्याचा त्रास कमी होतो. त्यामुळे गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवा. गंभीर मानसिक आजार असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.