पिकअपमधला सीबी रेडिओ: कॅन्ससकडं निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

दिवाळीला घरी आलो की उद्यमनगरात नाहीतर राजारामपुरीत चहाला बसल्यावर अमेरिकेला निघालेलं कुणी ना कुणी भेटतंच. व्हिसा, घरभाडं, जुनी गाडी घ्यावी की नवी, हे सगळं विचारतात. सीबी रेडिओबद्दल, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायच्या ‘सिटिझन्स बँड’ वायरलेसबद्दल, कुणी विचारत नाही, म्हणून ते इथं लिहून ठेवतो. शहरात ऑफिसला जाणाऱ्यांना त्याची गरज नाही. पण माझ्यासारखं शेती यंत्रांच्या दुरुस्तीचं काम घेऊन जे येतायत, ज्यांना रोज पिकअप घेऊन आडरानात जायचंय, त्यांनी पहिल्या महिन्यातच तो बसवून घ्यावा.

हायवे सोडून आत वळलं की मोबाईलची रेंज जाते. हायवेवर रेंज असली तरी पुढं दोन मैलांवर ट्रेलर आडवा झालाय, हे समोरून येणारा ट्रकवाला मोबाईलच्या आधी सांगतो, चॅनेल 19 वर. शिवाय बऱ्याच सेटमध्ये सरकारी हवामान खात्याचे चॅनेल असतात. कॅन्ससमध्ये एप्रिल-मे म्हणजे टॉर्नेडोचे, भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळांचे दिवस, तेव्हा मी ते चॅनेल लावूनच गाडी हाणतो. सेट घेताना ही सोय आहे का, एवढं जरूर बघा.

तिकडं सीबीला 1983 पासून वैयक्तिक परवाना लागत नाही. चॅनेल 40, 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झपर्यंत. एएमवर ताकद 4 वॉट, त्यापेक्षा जास्त कुणालाच नाही. त्यामुळं महागडा सेट घेतला म्हणून आवाज लांब जात नाही. सपाट मुलखात, अँटेना नीट असेल तर रंकाळ्यावरून बोललेलं शिरोली नाक्यापर्यंत पोचावं, एवढा पल्ला धरा. कुणी म्हणेल, मध्ये ताकद वाढवणारा अँप्लिफायर टाक, पन्नास मैल जाईल. ते बेकायदेशीर आहे. व्हिसावर असताना असल्या भानगडीत अजिबात पडू नका. तुमचे पैसे आणि तुमची मेहनत जायला पाहिजे ती अँटेना आणि अर्थिंगवर.

या पट्ट्याची तरंगलांबी 11 मीटर, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. एवढी काठी पिकअपवर रोज वागवता येत नाही. म्हणून चार फुटी फायबरग्लासची काठी घ्या, तिच्यात तार गुंडाळलेली असते. सगळ्यात चांगली जागा टपाच्या मधोमध, कारण खालचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. टपाला भोक पाडायचं नसेल तर केबिनमागं हौद्याच्या कडेला ब्रॅकेट मारा, पण काठीचा निम्म्याहून जास्त भाग टपाच्या वर राहील असं बघा. चुंबकाची अँटेना घेण्याआधी गाडीला साधा लोहचुंबक लावून बघा. फोर्ड एफ-150 ची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथं चुंबक धरतच नाही.

आता अर्थिंग. हौदा वेगळा आणि केबिन वेगळी असते, आणि केबिन चासीवर रबरी बुशांवर बसवलेली असते. हौद्याला ब्रॅकेट मारलं म्हणजे अर्थिंग झालं, असं समजू नका. ब्रॅकेटच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा पांढरा करा. मग विणलेल्या तांब्याच्या चपट्या पट्टीनं हौदा चासीला आणि केबिनला जोडा, दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली धरायचं धातूचं टोक) मारून. पट्टी जितकी आखूड, तितकी चांगली. लग दाबणं आणि सोल्डरिंग हे दोन्ही इथल्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली चार दिवस बसून शिकून घ्या. तिकडं मजुरी तासावर असते आणि ती झेपत नाही.

सेटपासून अँटेनापर्यंतची केबल 50 ओहमची घ्या. दारात चेमटू देऊ नका, आणि जास्तीची उरली तर घट्ट वेटोळं न करता सैल ठेवा. पॉवरची लाल वायर थेट बॅटरीवरून आणा, बॅटरीपाशीच फ्यूज टाका, आणि पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट लावायला विसरू नका. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला करंट मोजणारा सेन्सर असतो. तसा असेल तर काळी वायर टोकाला न लावता चासीला लावा.

हे सगळं झाल्यावर ट्यूनिंग. अँटेना जोडल्याशिवाय माईकचं बटण एकदाही दाबू नका, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. अँटेनाकडं पाठवलेली ताकद किती परत फिरते हे दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर स्वस्तात मिळतो, तो सेट आणि अँटेनाच्या केबलच्या मध्ये जोडा. गाडी उघड्या मैदानात न्या, शेडमध्ये किंवा भिंतीला लागून नको. दारं बंद करा, अँटेनाजवळ कुणाला उभं राहू देऊ नका. मीटरचा खटका फॉरवर्डला ठेवून बटण दाबा, काटा ‘सेट’च्या रेघेवर आणा, खटका रिव्हर्सला टाका आणि आकडा वाचा. हे चॅनेल 1, 20 आणि 40 वर करा, दरवेळी काटा नव्यानं रेघेवर आणून.

चॅनेल 40 वरचा आकडा चॅनेल 1 वरच्या आकड्यापेक्षा जास्त आला तर काठी लांब आहे, चॅनेल 1 वरचा जास्त आला तर आखूड. फायबरग्लासच्या बऱ्याच काठ्यांना टोकाच्या रबरी टोपीखाली स्क्रू असतो. तो आत घातला की लांबी कमी होते, बाहेर काढला की वाढते. अर्धा-अर्धा आटा फिरवा आणि टोपी परत घालूनच मोजा. 1.5 च्या आत आलं तर उत्तम, 2 पर्यंत चालतं. तिन्ही ठिकाणी 3 च्या वर असेल तर स्क्रूला हात लावू नका. दोष अर्थिंगमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे, परत खाली वाका.

बोलायचं कसं, याचं दडपण घेऊ नका. माईक तोंडापासून तीन-चार बोटं लांब धरा, बटण दाबा, क्षणभर थांबा, मग नेहमीच्या आवाजात ‘ब्रेक वन-नाईन, रेडिओ चेक’ (19 वर मला बोलू द्या, आवाज पोचतोय का सांगा) एवढं म्हणा. ओरडलं की आवाज फाटतो. चॅनेल 9 आणीबाणीसाठी आहे, तिथं गप्पा नकोत. 19 सगळ्यांचं आहे, तिथं कामापुरतं इंग्रजीत बोला. आपल्या दोन गाड्या बरोबर निघाल्या असतील तर दुसरं एखादं मोकळं चॅनेल ठरवा आणि तिथं खुशाल मराठीत बोला. लांबचा प्रवास त्यानं फार हलका होतो.

परत येताना मात्र तो सेट मामाच्या बोलेरोत बसवायला म्हणून आणू नका. भारतात परवान्याविना मोकळा असलेला पट्टा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढाच, तोही 5 वॉटपर्यंत. अमेरिकन सेटचं 28 व्या चॅनेलपासून पुढचं सगळं त्याच्या बाहेर पडतं.

आणि मीटर काम झालं म्हणून विकून टाकू नका. हिवाळ्यात तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात, ते हौद्याखालच्या लगांना खातं. मार्चमध्ये बर्फ सरला की पट्टीचे बोल्ट खोला, घासून ग्रीस लावा, आवळा, आणि तिन्ही चॅनेलवर परत मोजा.