धावपटूचा प्रशिक्षक होताना: सोलापुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

महाविद्यालयात असताना मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ५००० मीटर धावत असे आणि शिक्षण संपल्यावर सोलापुरातच लांब पल्ल्याच्या मुलामुलींना शिकवू लागले. माझ्या गटातल्या मुली राज्य स्पर्धांत पदके मिळवू लागल्यापासून नुकतेच पदवीधर झालेले धावपटू भेटायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणता कोर्स करावा हा असतो. त्याचे उत्तर मी पुढे देणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या सरावाने आपण घडलो तो आपल्या एकट्याच्या शरीराला मानवलेला होता. समोर उभ्या असलेल्या १४ वर्षांच्या मुलीला काय मानवते, हे आपल्याला शून्यापासून शिकावे लागते.

हे शिकण्यासाठी प्रत्येक धावपटूची स्वतंत्र वही ठेवावी. तीत रोजचे अंतर आणि वेळ तर लिहावीच, शिवाय सकाळी उठल्याबरोबर मोजलेले नाडीचे ठोके, झोप, दुखणारी जागा आणि, मुलीची व तिच्या आईची संमती असेल तर, पाळीच्या तारखाही लिहाव्यात. ३००० मीटरला सारखीच वेळ देणाऱ्या दोन मुलींपैकी एक १००० मीटरच्या पाच फेऱ्यांचा सराव करून दुसऱ्या दिवशी ताजीतवानी असते, तर दुसरीला त्यानंतर दोन दिवस हलकेच धावावे लागते. वही नसेल तर हा फरक दिसत नाही, दोघींना एकच वेळापत्रक दिले जाते आणि दुसरीची नडगी दुखू लागते. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सलग काही दिवस जास्त लागली, तर दुखापत किंवा आजार येण्याची वाट न पाहता सराव कमी करावा.

नव्या प्रशिक्षकाची आणखी एक सवय मला दिसते. तो स्वतः वेगात असतो, मुलांबरोबर धावतो आणि त्याच्या नकळत सगळ्यांची गती वाढत जाते. आठवड्यातले बहुतेक अंतर गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीने कापायचे असते, कारण लांब पल्ल्याला लागणारी दमसास त्यातूनच तयार होते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत. त्यांनी अशा लांब धावण्याचे प्रयोग आधी स्वतःवर केले आणि मग ८०० मीटरच्या पीटर स्नेलकडूनही तेच करवून घेतले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल ८०० मीटरला आणि लिडियार्ड यांचेच शिष्य मरे हॅलबर्ग ५००० मीटरला सुवर्णपदक जिंकले. हलक्या सरावाच्या दिवशी प्रशिक्षकाने सायकल घ्यावी, हे उत्तम.

सोलापूरचे हवामान वेळापत्रकात धरावेच लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पहाटेही हवा पुरेशी निवत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, त्यामुळे त्याच गतीला हृदयाचे ठोके जास्त पडतात. म्हणून मे महिन्यातल्या वेळेची डिसेंबरशी तुलना करून मुलांना बोलणे अन्यायाचे आहे. पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटते, तेव्हा मुरमाचा रस्ता शोधावा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी होम मैदान भरलेले असते, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी पर्यायी जागा डिसेंबरातच ठरवावी.

मुलींच्या बाबतीत रक्ताची तपासणी मी आग्रहाने सांगते. आपल्याकडच्या जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी आणि पालेभाजी असते, ते चांगलेच आहे. परंतु वनस्पतीतले लोह शरीरात कमी शोषले जाते आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास आणखी कमी होते. ताटात लिंबू असावे, चहा तासभर पुढे ढकलावा, आणि मुलगी विनाकारण मंदावली तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘आळशी झालीय’ असे घरचे म्हणतात तेव्हा पुष्कळदा लोह कमी झालेले असते. पाळी थांबली तर ते कष्टाचे लक्षण मानून सोडून देऊ नये. खाणे सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते.

आता कोर्सविषयी. शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी हवी असेल तर बी.पी.एड. करावे, प्रशिक्षक म्हणून काम करायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका करावी, आणि तेवढा काळ घर सोडणे जमत नसेल तर तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. त्यासोबत एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली एक पूर्ण हंगाम काढावा.

उत्पन्नाचे स्पष्ट सांगते: लांब पल्ल्याच्या शालेय धावपटूंच्या फीवर घर चालत नाही, कारण त्यांतले बरेच जण शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या घरांतून येतात. आपल्या भागात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. हा गट फी देऊ शकतो आणि त्याला शास्त्रशुद्ध सरावाची गरजही असते. मात्र भरतीवाल्यांना काही महिन्यांत निकाल हवा असतो आणि शाळकरी मुलांना वर्षे द्यायची असतात, म्हणून दोन्ही गटांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. अल्पवयीन मुलींचा सराव आडबाजूला किंवा एकटीला बोलावून घेऊ नये, पालकांना केव्हाही मैदानावर येऊ द्यावे, आणि दुकानदाराने सुचवलेली पावडर किंवा गोळी मुलांच्या हाती पडण्याआधी उत्तेजकविरोधी यंत्रणेची बंदी असलेल्या द्रव्यांची चालू वर्षाची यादी स्वतः वाचून ठेवावी.