रॅलीसाठी स्वस्तातली फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी निवडताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत रॅलीसाठी गाडी शोधणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. किती बीएचपी, किती ट्यून होईल, अमक्याच्या गाडीत काय बसवलंय. पण कच्च्या रस्त्यावरच्या स्टेजमध्ये (वाहतूक बंद करून, वेळ मोजून पळवायच्या टप्प्यात) इंजिनामुळे बसलेल्या गाड्या कमी असतात. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकतो, ऍक्सलचा बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटतो, संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) फुटतो, रेडिएटर गळतो आणि गाडी तिथेच राहते. त्यामुळे आधी नियमावली, मग बॉडीशेल, मग स्पेअर पार्ट्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन, या क्रमाने गाडी निवडा.

नियमावली न वाचता गाडी उचलणे

आधी कुठे उतरायचं ते ठरवा. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीला वेळेचं आणि सरासरी वेगाचं गणित सांभाळायचं असतं, तिथे धडधाकट साधी गाडी चालते. ऑटोक्रॉसची, म्हणजे छोट्या बंद ट्रॅकवर घड्याळाशी पळायच्या स्पर्धेची, गरज वेगळी. वेगाच्या स्टेज असलेल्या रॅलीला रोल केज (गाडीत आतून बसवलेला नळ्यांचा पिंजरा), रेसिंग सीट, हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट), हेल्मेट, अग्निशामक यंत्र आणि एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संस्थेचं लायसन्स लागतं. ज्या स्पर्धेला जायचंय तिची त्या वर्षीची नियमावली डाउनलोड करून तांत्रिक भाग आधी वाचा.

गट सीसीवर ठरतात. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या रूढ विभागणीत १४००, १६०० आणि २००० सीसी या सीमारेषा आहेत, आणि टर्बो असेल तर सीसीला पेट्रोलसाठी १.७ आणि डिझेलसाठी १.५ ने गुणतात. या हिशेबाने ११९७ सीसीची पोलो टीएसआय २०३५ सीसीची होते आणि १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट १८७२ ची. म्हणजे ‘छोट्या इंजिनाची’ म्हणून घेतलेली गाडी थेट मोठ्यांच्या गटात जाऊन बसू शकते. तुमच्या स्पर्धेत हाच गुणक आहे का, हे बयाणा देण्याआधी पाहा.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. स्टेजपासून स्टेजपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जाते. आरसी, विमा आणि पीयूसी नसेल तर तिथेच अडचण होते. एमएच-०४ असो वा एमएच-४३, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मुदत संपत आली असेल तर फेरनोंदणी, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर धरूनच भाव करा. बँकेचा बोजा आरसीवर शिल्लक आहे का, थकलेली चलनं किती, हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघता येतं. ‘एस्टीममध्ये जुन्या बलेनोचं १.६ लिटर इंजिन आहे, मस्त पळते’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीपासून लांब राहा. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत केलेले बदल) ती अडकते, आणि स्क्रूटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत) गटही बदलतो.

रंग पाहून भुलणे

खाडीकाठच्या हवेत पत्रा लवकर खातो. ऐरोली, वाशी, घोडबंदर रोडला उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकाचक असते आणि कार्पेटखाली चाळण झालेली असते. रोल केजचे पाय याच पत्र्यावर उभे राहणार आहेत. पत्रा कुजका असेल तर केज कितीही भक्कम असून उपयोग नाही.

गाडी लिफ्टवर घ्या. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक रॉकर पॅनेल (दाराखालची पट्टी), चाकांच्या कमानी आणि ए-पिलरच्या (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) तळाशी फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. जॅक लावायची जागा, मागच्या ऍक्सल बीमचे माउंट, स्पेअर व्हीलचा खड्डा आणि पुढच्या स्ट्रट टॉवरचा (बॉनेटखालची, सस्पेन्शनचं वरचं टोक धरणारी जागा) माथा यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजका भदभद. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर पुढून ठोकर बसलेली असू शकते. मग एका बाजूच्या स्ट्रट टॉवरच्या बोल्टपासून दुसऱ्या बाजूच्या सबफ्रेमच्या (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) बोल्टपर्यंत, आणि मग उलट, असे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती गाडी सोडा. वाकड्या शेलचं अलाइनमेंट कितीही केलं तरी गाडी एका बाजूला ओढतच राहते.

पुरात बुडालेल्या गाड्या दर पावसाळ्यानंतर स्वस्तात निघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, वरच्या टोकाला गाळाची रेघ दिसते. डॅशबोर्डखालचे कनेक्टर उघडा, हिरवट पूड दिसली की निघा. अशा गाडीचं वायरिंग भर स्टेजमध्ये दगा देतं आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

इंजिनाची तपासणी सोपी आहे. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून कम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजा. सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मग घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतो का पाहा, आणि मोकळ्या आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कटकट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (ऍक्सलचा चाकाकडचा सांधा) संपलाय. तो बदलता येतो, फक्त भाव करताना लक्षात ठेवा.

पार्ट्स कुठे मिळतील, याचा विचार न करणे

रॅलीत एकच भाग तुम्ही तीन-चारदा विकत घेणार असता. त्यामुळे गाडीची खरी किंमत तिच्या लोअर आर्म, ऍक्सल, हब बेअरिंग आणि स्ट्रटच्या किमतीत असते.

या कसोटीवर पहिल्या गाडीसाठी पेट्रोल स्विफ्टला पर्याय नाही. २००५ च्या पिढीत १२९८ सीसीचं इंजिन होतं, २०१० पासून ११९७ सीसीचं के-सीरीज. दोन्ही १४०० च्या आतली, दोन्ही प्रत्येक गॅरेजला माहीत. मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम), त्यामुळे मोडण्यासारखं फारसं काही नाही. पीसीडी (चाकाच्या बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये) ४×१०० असल्याने रिम सहज मिळतात. फक्त पेट्रोल आणि डिझेलचे ऍक्सल, स्प्रिंग वेगळे असतात आणि पिढीनुसारही भाग बदलतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ‘स्विफ्टचाच आहे’ म्हणून आणलेला ऍक्सल बसेलच असं नाही. जुना भाग सोबत न्या, स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) दाते आणि लांबी समोरासमोर लावून बघा.

एस्टीम हलकी आणि सरळसाधी आहे, तिच्यावर हात बसतो. पण तिचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, आणि धड पत्र्याची एस्टीम मिळणं हेच आता अवघड. होंडा सिटी व्हीटेक (२००३ पर्यंतची, १.५) इंजिनाला अफाट गोड, पण जमिनीला टेकलेली आणि तिचे बॉडी पार्ट्स दुर्मिळ. पोलो १.६ चा शेल मजबूत आहे, आणि व्हेंटो-रॅपिडचे पुष्कळ भाग तिला चालतात, पण प्रत्येक भाग स्विफ्टपेक्षा महाग आणि पीसीडी ५×१००. फिएस्टा १.६ एस चालवायला सुरेख गाडी. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे आधीपासून पार्ट्सचा साठा असलेल्यानेच ती घ्यावी.

गाडी घेण्याआधीच पार्ट्सच्या दुकानात दोन ऍक्सल, दोन लोअर आर्म, दोन टाय रॉड एन्ड, दोन हब-बेअरिंग, एक रेडिएटर, एक क्लच सेट आणि इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट यांचा भाव काढा. एखादा भाग ‘मागवावा लागेल, दहा-पंधरा दिवस’ असं उत्तर आलं तर त्या भागाचे दोन नग आधीच घेऊन ठेवायचे, नाहीतर दुसरी गाडी निवडायची.

सगळे पैसे गाडीत घालणे

एकूण तरतुदीतला चौथा हिस्सा गाडीला, जास्तीत जास्त एक तृतीयांश. सुरक्षेचं साहित्य, सस्पेन्शन, टायर, स्पेअर आणि स्पर्धेचा खर्च उरलेल्यात भागवायचा असतो. इथे गणित चुकलं की पहिली कात्री केजला लागते, आणि तेच सगळ्यात घातक आहे.

केजसाठी एफआयएच्या नियमांनुसार सीमलेस (बिनजोड), कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत ओढलेली) कार्बन स्टीलची नळी लागते. मुख्य (सीटमागच्या) कमानीला व्यास आणि जाडी ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर, बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २. कळंबोलीच्या पोलाद बाजारात पाइप मागितला तर बऱ्याचदा पुढे येतो तो वेल्ड करून जोडलेला ईआरडब्ल्यू, नाहीतर पाण्याचा ‘बी क्लास’. दिसायला सारखेच. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि भिंतीची जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा. बोल्टने बसणाऱ्या केजमध्ये मुख्य पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम-८ बोल्ट.

रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या उत्तम वेल्डरकडूनही एक चूक हमखास होते. छताला चिकटलेल्या सांध्याची वरची बाजू टॉर्चला पोहोचत नाही, म्हणून तिथलं वेल्डिंग अर्धंच राहतं. यावर उपाय म्हणजे पायांखालच्या फ्लोअरला भोकं पाडून केज काही इंच खाली सोडायचा, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करायचे, मग केज वर उचलून खाली प्लेट लावायच्या. काम घेणाऱ्याला हे आधीच विचारा. छताजवळ छोटा आरसा धरला की काम पुरं झालंय का ते दिसतं.

सीट आणि हार्नेसच्या टॅगवरची मुदत वाचून घ्या. मुदत संपलेला हार्नेस स्वस्त मिळतो आणि स्क्रूटिनीत बाद होतो.

गाडी उंच केली आणि ऍक्सल निखळला

फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये ओढणं आणि वळणं दोन्ही पुढच्या चाकांकडे असतं. नुसत्या स्पेसरने गाडी ४०-५० मिलिमीटर वर घेतली की ऍक्सलचा कोन वाढतो. उडीनंतर चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा आतला ट्रायपॉड (ऍक्सलचा गिअरबॉक्सकडचा सांधा) त्याच्या कपातून निसटू पाहतो. गाडी जॅकवर घेऊन पुढची चाकं मोकळी लोंबू द्या, हाताने फिरवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. अडकत असेल किंवा बूट ताणून चकचकीत दिसत असेल तर उंची कमी करा, नाहीतर लोंबणं रोखणारा पट्टा लावा. कच्च्या रस्त्याला उंचीपेक्षा चांगला डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) जास्त कामाला येतो.

पहिल्या हंगामात एलएसडीच्या (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, एक चाक नुसतं फिरू न देणारं) मागे लागू नका. डिफरन्शियल वेल्ड करण्याचा ‘जुगाड’ तर मुळीच करू नका. स्टिअरिंग दगड होतं आणि ऍक्सल तुटत राहतात.

संप गार्ड बसवल्यावर गाडी तापते

संप गार्ड म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा. रेडिएटरमधून आत आलेली हवा खालूनच बाहेर पडते. गार्ड मागपर्यंत सपाट बंद केला की ती कोंडते. संथ वेगात तापत असेल तर फॅन आणि थर्मोस्टॅट तपासा. वेग वाढल्यावर तापत असेल तर संशय गार्डवर घ्या. मागच्या भागात आडव्या फटी पाडून त्यांची ओठं मागच्या दिशेला वळवा, म्हणजे हवा जाते आणि दगड शिरत नाहीत. गार्ड ५-६ मिलिमीटर ऍल्युमिनियमचा, सबफ्रेमला धरलेला, आणि संपपासून निदान २० मिलिमीटर दूर. तो संपला टेकला तर पहिल्याच मोठ्या दगडाने संपला तडा जातो. ड्रेन प्लगसमोर भोक ठेवायला फॅब्रिकेटर हमखास विसरतात.

चाचणी भलत्या जागी घेणे

पाम बीच रोड किंवा उलव्याकडचे रिकामे रस्ते ही चाचणीची जागा नाही. तिथे दुसऱ्याचा जीव जातो. शिवाय डांबरावर कच्च्या रस्त्याचं काहीच कळत नाही. मालकाची परवानगी घेऊन बंदिस्त मातीच्या जागेत, हेल्मेट-हार्नेससह, सोबत अग्निशामक यंत्र आणि एक माणूस ठेवून चाचणी घ्या. एबीएस चालू आणि बंद ठेवून थांबायचं अंतर मोजा. सैल मातीत एबीएसने ते वाढतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्ट्रट टॉप, लोअर आर्म, सबफ्रेम, केज आणि सीटचे सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि नटापासून पत्र्यापर्यंत पिवळ्या पेंट मार्करची सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नेमका कोणता नट सैल होतोय ते लगेच कळतं.