गावच्या रस्त्यांचा दर्जा नकाशावर अपडेट करायचाय? आधी नमुना 23 उघडा

बऱ्याच ग्रामपंचायतींत आणि झेडपीच्या बांधकाम उपविभागांत हल्ली कुणीतरी क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) शिकलेलं पोरगं असतं, त्याला सांगितलं जातं की सगळे रस्ते नकाशावर टाक आणि वर्ग लाव. ते बिचारं सॅटेलाइट फोटो उघडतं आणि रुंद काळा दिसला की प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), बारीक दिसला की ग्रामा (ग्रामीण मार्ग) असं रंगवत सुटतं. असं करू नका. रस्त्याचा वर्ग फोटोवरून कळत नाही, तो कागदावर ठरतो. चकाचक काँक्रीटचा रस्ता ग्रामीण मार्ग असू शकतो आणि खड्ड्यांनी भरलेला रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग असू शकतो.

ही वर्गवारी जुनी आहे. 1943 मध्ये नागपूरला देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली, त्या नागपूर आराखड्यात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड ठरली, आणि आपण आजही तीच वापरतो. आपल्याकडे रामा (राज्य मार्ग) आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे, आणि गावांतर्गत गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. म्हणजे वर्ग चुकला की रस्ता चुकीच्या ऑफिसच्या खात्यावर जातो, मग दुरुस्तीचा प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेत जाणाऱ्या पोरांचे हाल होतात. म्हणून हे काम मनापासून करा, घाईत उरकू नका.

सुरुवात कागदांपासून. ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही, झेडपीची तालुकानिहाय रस्ते यादी, रस्ते विकास योजना 2001-2021 चा नकाशा, आणि त्यानंतर दर्जोन्नतीचे जे शासन निर्णय निघाले असतील ते. पीएमजीएसवायच्या (प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या) रस्त्यांचा डेटा जिओसडक साइटवर मिळतो, तोही उतरवून घ्या. जुने पाट्यांवरचे नंबर बघून फसू नका, 2010 च्या फेरक्रमांकनात राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, पुणे-मुंबईचा जुना 4 नंबर आता 48 मध्ये आहे, पण लोकांच्या तोंडात आणि कधीकधी ऑफिसच्या फायलींतही जुनाच नंबर असतो.

आता फाइल. नकाशाचा डेटा साठवायच्या फाइलचे हे दोन प्रकार, त्यातली शेपफाइल नको, जिओपॅकेज घ्या. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहा बाइटची मर्यादा असते, देवनागरीत तर तीनच अक्षरं बसतात, आणि एन्कोडिंग बिघडलं की गावांच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. कॉलम असे ठेवा: रस्ता क्रमांक, पासून, पर्यंत, मंजूर वर्ग, प्रस्तावित वर्ग, जुन्या वर्गाचा इतिहास, ताबा कुणाकडे, नोंदीतली लांबी, मोजलेली लांबी, डांबरी पट्ट्याची रुंदी, पृष्ठभाग, ठराव किंवा शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख. मंजूर आणि प्रस्तावित हे दोन वेगळे कॉलम हवेतच. सरपंच म्हणाले की हा आता इजिमा झाला पाहिजे, तर ते प्रस्तावितमध्ये जाईल, आदेश हातात येईपर्यंत मंजूर कॉलमला हात लावायचा नाही. वर्गासाठी ड्रॉपडाउन लावा, नाहीतर एक जण ग्रामा 12 लिहितो, दुसरा ग्रा.मा.12, तिसरा इंग्रजी व्हिलेज रोडचं व्हीआर-12, आणि फिल्टर मारला की एकाच रस्त्याचे तीन रस्ते होतात.

रेषा काढताना सगळ्यात जास्त घोळ लांबीत होतो, म्हणून इथे जरा थांबतो. लेयर अक्षांश-रेखांशात असेल आणि कॅल्क्युलेटरमध्ये साधी लांबी काढली तर साडेतीन किलोमीटरच्या रस्त्याला 0.03 असं काहीतरी येतं, ते अंशांत मोजलेलं असतं, किलोमीटर नव्हे. मोजण्यासाठी लेयर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत न्या, महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला झोन 43 उत्तर, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूला झोन 44 उत्तर. दुसरं म्हणजे रेषेची दिशा. नोंदवहीत जे गाव "पासून" लिहिलंय तिथे साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, किलोमीटर/मीटर असं लिहिलेलं) 0/000, रेषाही तिथूनच सुरू झाली पाहिजे, उलटी निघाली असेल तर रिव्हर्स करा. दिशा उलटी राहिली तर 2/300 वरची मोरी नकाशावर भलत्याच ओढ्यावर दिसते.

समजा नोंदीत ग्रामा 45 ची लांबी 0/000 ते 3/500 आहे आणि तुमची रेषा 4.1 किलोमीटर भरतेय. लगेच 4.1 लिहून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा शेवटचे 600 मीटर एखाद्या वस्तीपर्यंत नंतर कुठल्यातरी निधीतून झालेले असतात आणि यादीत कधी चढलेलेच नसतात. रेषा 3/500 ला तोडा, पुढच्या तुकड्याला मंजूर वर्ग रिकामा ठेवा, प्रस्तावितमध्ये ग्रामा भरा. हाच तो तुकडा ज्याला आजवर दुरुस्तीचा पैसा मिळाला नाही, कारण तो कुठल्याच यादीत नाही, आणि 3054 या सरकारी लेखाशीर्षातून रस्ता दुरुस्तीची मागणी करायची तर आधी तो यादीत लागतो.

मग शिवारात उतरा. मोबाइलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसचा डेटा जागेवर भरायचं अ‍ॅप) टाका, ऑफलाइन चालतं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. मोटरसायकल हळू चालवत ट्रॅक घ्या, फाटा, मोरी, फरशी पूल, शाळा, वस्ती इथे थांबून फोटो. मोबाइलचा जीपीएस मोकळ्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडीत जास्त, त्यामुळे रुंदी त्यावरून काढूच नका, टेपच धरा. डांबरी पट्टा, साइडपट्ट्या आणि रस्त्याची हद्द या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच आकड्यात कोंबू नका. जाताना गावातला एखादा जुना जाणता माणूस सोबत घ्या, कुठला रस्ता वहिवाटीचा आणि कुठला कुणाच्या खाजगी शेतातून जातो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यानं सांगितलेलं गावनकाशाशी ताडून मगच लिहा.

ऑफिसात आल्यावर क्यूजीआयएसमधला टोपॉलॉजी चेकर (रेषांच्या जोडणीतल्या चुका शोधणारं साधन) चालवा, फाट्यावर दोन रेषांमध्ये फट राहिली असेल तर स्नॅपिंग (टोकं आपोआप चिकटवणारी सोय) लावून जोडा, तालुक्याच्या हद्दीवर शेजारच्या तालुक्याची यादी बघा, कारण तिथे एकाच रस्त्याला दोन नंबर सर्रास असतात.

दर्जोन्नतीच्या प्रस्तावाला प्रत्येक रस्त्याचा एक पानी नकाशा जोडा, त्यावर साखळी, जोडली जाणारी गावं, बाजार, दवाखाना, शाळा. ग्रामसभेचा ठराव, मग झेडपीचा ठराव, आणि पुढे बांधकाम विभागामार्फत शासनाकडे. सभेत नकाशा प्रोजेक्टरवर दाखवलात तर चर्चा फार लवकर मुद्द्यावर येते, लोक स्वतः उठून सांगतात की इथे एक वस्ती राहिलीय.

आदेश आला की मंजूर वर्ग बदला, आदेशाची तारीख भरा, जुना वर्ग इतिहासाच्या कॉलममध्ये हलवा, पुसू नका. आणि एवढं झाल्यावर ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या मोफत ऑनलाइन नकाशावरही दुरुस्ती टाका. भारतात तिथे साधारण राज्य मार्गाला प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्गाला सेकंडरी, इतर जिल्हा मार्गाला टर्शरी असा रिवाज आहे, गावं जोडणाऱ्या ग्रामीण मार्गाला अनक्लासिफाइड. या शेवटच्या टॅगचा अर्थ तिथे वर्ग माहीत नाही असा होत नाही, टर्शरीच्या खालचा जोडरस्ता असा होतो, तेव्हा ते बघून कुणी "दुरुस्त" करायला जाऊ नये. गुगलच्या फोटोवरून मात्र रेषा ओढू नका, ओपनस्ट्रीटमॅपला तो परवाना नाही, तुमचा स्वतःचा जीपीएस ट्रॅक वापरा.