नवऱ्याकडे परदेशी निघताय? नागपुरातून निघण्याआधी स्वतःची तयारी अशी करा

व्हिसाचे बोलणे सुरू झाले की घरात धावपळ उडते, आणि त्या धावपळीत बहुतेक गोष्टी तिकडच्या माणसाच्या सोयीने ठरतात. त्याच्या कंपनीने काय मागितले, त्याला खायला काय आणायचे, त्याला सुट्टी कधी आहे. माझी धाकटी बहीण लग्नानंतर जर्मनीला गेली तेव्हा तिच्या तयारीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. पुढे नात्यातल्या, कॉलनीतल्या मुलींनाही मदत केली. त्यातून माझे एक मत पक्के झाले: जायचे भले जोडीदारासाठी असो, पण कागद, पैसा, काम आणि माणसे यांची तयारी आपल्या स्वतःच्या नावाने करायची. बायकोच्या नोकरीसाठी निघालेल्या नवऱ्यांनाही यातले सगळे लागू आहे. मी पाहिले त्या बहुतेक मुली होत्या, म्हणून तसे लिहिते.

नाव आधी ठरवा, मग बाकीचे कागद

आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधले नावही बदलते. वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते. पासपोर्टवर मधले नाव बहुधा पहिल्या नावाबरोबरच छापलेले असते, त्यामुळे आडनाव तेच ठेवून फक्त मधले नाव बदलले तरी पासपोर्टच्या हिशेबात तो नावातला बदलच. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव वेगळे नोंदवता येते. माझा सल्ला स्पष्ट आहे: माहेरचे नाव ठेवा. बदलायचेच असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी पासपोर्ट, आधार, पॅन आणि बँक एका दमात उरका. अर्धे बदललेले नाव सगळ्यात जास्त त्रास देते, कारण दहावीची गुणपत्रिका आणि पदवी जुन्याच नावाची राहणार असते.

एका संध्याकाळी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा. एकाने नाव मोठ्याने वाचायचे, अक्षर अन् अक्षर, दुसऱ्याने पासपोर्टवर बोट ठेवून ताडायचे. आमच्याकडे हे काम बाबांनी केले. चष्मा कपाळावर, हातात दहावीची गुणपत्रिका, आणि दर ओळीला "व्ही की डब्ल्यू? नीट पाहून सांग!" मराठी नावातला 'व' इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि शाळेतल्या कुणीतरी कधीतरी त्याच्या मनाने एक निवडलेला असतो. असा फरक सापडला तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. जन्मदाखल्यावर तर हमखास पाहा, तिथे कधी बाळाचे नावच लिहिलेले नसते.

विवाह नोंदणी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात होते. दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती घ्या आणि त्यातली एक आईकडे ठेवा. हा दाखला बऱ्याच देशांत चालायचा तर त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारातला शिक्का, लागतो. भारत या व्यवस्थेत २००५ पासून आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, असा क्रम असतो. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाकडून वेगळे साक्षांकन करावे लागते. म्हणून एजंटकडे कागद टाकण्याआधी ज्या देशात जायचे त्याला नेमके काय हवे ते दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचून घ्या.

तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे पदवीधर असाल तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा उतारा, इथे असतानाच काढा. आत्ता त्याची गरज दिसत नाही, हे खरे. पण तिकडे शिकायचे किंवा पदवीची समकक्षता काढायची म्हटले की पहिला कागद हाच मागतात, आणि मग निवृत्त वडिलांना विद्यापीठात खेटे घालावे लागतात.

मुंबईची फेरी

जर्मनी, अमेरिका यांच्या व्हिसासाठी आपल्याला मुंबई गाठावी लागते. दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी मुंबईत सोडते, म्हणून लोक त्याच दिवशी सकाळची वेळ घेतात. तसे करू नका. गाडीला उशीर झाला तर वेळ हातची जाते आणि पुढची कधी मिळेल हे आपल्या हातात नसते. आदल्या दिवशी पोचा. फाईल पाठीवरच्या पिशवीत आणि झोपताना उशाशी.

जर्मनीसाठी बहुतेकांना ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्ड हा उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्यांच्या जोडीदारांना त्यातून सूट आहे. सूट असली तरी शिका. बहिणीने स्वयंपाकघरात डब्यांवर, फ्रिजवर, दारावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. महिनाभरात आईला मीठ, साखर आणि दुधाचे जर्मन शब्द पाठ झाले आणि आईच चहा करताना बहिणीची तोंडी परीक्षा घ्यायची. घरच्यांना असे सामील करून घेतले की जाणे सगळ्यांच्या ओळखीचे होत जाते.

काम आणि पैसा

साखरपुडा झाल्यावर विचारायचा पहिला प्रश्न: माझ्या व्हिसावर मला काम करता येते का? जर्मनीत कुटुंबासाठीच्या वास्तव्य परवान्यावर जोडीदाराला नोकरी करता येते. अमेरिकेच्या एच-फोर, म्हणजे तिथल्या परदेशी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर वेगळी परवानगी असल्याशिवाय येत नाही, आणि ती परवानगी सगळ्यांना मिळत नाही. हे उत्तर इथली नोकरी सोडण्याआधी कळायला हवे. राजीनामा देताना अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, पीएफचा नंबर सगळे मागून घ्या. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

बचत खाते स्वतःच्या नावावर राहू द्या. अनिवासी झालात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे खाते, करून घ्यावे लागते. निघण्याआधी शाखेत जाऊन अर्ज समजून घ्या. चालू पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत ठेवता येते, अनिवासी झाल्यावर नवे उघडता येत नाही.

इथला मोबाईल नंबर मरू देऊ नका. बँक, आधार, पीएफ सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि रिचार्जची तारीख भावाच्या किंवा वहिनीच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.

आणि पासपोर्ट नेहमी आपल्याच ताब्यात. प्रेमाचे माणूस "मी ठेवतो सांभाळून" म्हणाले तरी. भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. हे अविश्वासापोटी सांगत नाही. नव्या देशात आपली ओळख पटवणारी ती एकच वस्तू असते.

मसाला आणि खाऊ

यावर थोडे जास्त लिहिते, कारण घरातली निम्मी भांडणे इथेच होतात.

सावजी मसाल्याशिवाय मुलीला पाठवायचे हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. इतवारीत मसाल्याचे सामान घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने दगडफूल, जायपत्री, मसाला वेलची तोलून दिली आणि खसखशीच्या बरणीवर हात ठेवून थांबला. "ताई, कोणत्या देशात पाठवून राहिले?" जर्मनी म्हटल्यावर त्याने बरणी उघडली. "दुबईवाल्यांना मी देतच नाही बाप्पा." तो अगदी बरोबर बोलत होता. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि ती जवळ सापडली म्हणून लोक तुरुंगात गेले आहेत. सावजी किंवा वऱ्हाडी मसाल्यात ती वाटून गेलेली असते, म्हणजे तयार मसाला नेला तरी धोका तोच. आखाताकडे किंवा सिंगापूरला जाणारीसाठी मसाला बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या आणि त्यासाठी मिक्सरचे भांडे आधी स्वच्छ धुवा. जर्मनीत मात्र खसखस साध्या दुकानात मिळते, तिकडे तिचे केक करतात.

युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप नाही, पेढे नाहीत, आणि खवा घातलेली संत्रा बर्फीही नाही. शेजारच्या काकू हौसेने डबा आणतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. ताजी संत्री तर सोडूनच द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांत तेल असते, त्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. मुंगवड्या, सरगुंडे, कुरडया, मेतकूट, तिखट हे सुटसुटीत जाते. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा. लोणचे चेक-इन सामानात, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक, वरून दोन पिशव्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू उतरल्यावरच्या अर्जात लिहायची, एक पुडीसुद्धा सोडायची नाही.

यादी करण्याआधी एक करा. नवऱ्याला तिकडच्या भारतीय दुकानात उभे करा आणि व्हिडिओ कॉलवर एकेक फळी बघा. तूरडाळ, पोहे, हिंग, कणीक सगळे दिसते आणि यादीतला बराच भाग तिथल्या तिथे कटतो. नवऱ्यालाही घरात काय लागते ते कळते, हा त्यातला मोठा फायदा.

बॅग भरताना

नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे जात असाल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान चालते, आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो. तिकिटे वेगळी असली तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात.

कुकर नेणार असाल तर सपाट इंडक्शन बुडाचा, सोबत जादा गॅस्केट आणि शिट्टी. इथला मिक्सर युरोपात नुसता प्लग बदलून चालतो, अमेरिकेत विजेचा दाबच निम्मा असल्याने चालत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये नाही. थंडीचे आतले कपडे इथून घ्या, जाड कोट तिकडे. नागपुरात तशा थंडीचा कोट मिळणे कठीण आणि मिळाला तरी अर्धी बॅग खातो. दातांची कामे उरकून घ्या. चष्मे दोन. नेहमीच्या औषधांचे इंग्रजी प्रिस्क्रिप्शन घटकाच्या नावासह लिहून घ्या आणि औषधे मूळ पाकिटातच न्या.

दागिने कमीत कमी न्या. जड दागिने नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत आणताना ते आपलेच असल्याचा पुरावा राहतो. गाडी चालवत असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. जर्मनीत राहायला गेल्यावर आपला परवाना सहा महिनेच ग्राह्य धरतात.

मागे राहणाऱ्यांची तयारी

घरातला फोन बहुतेक ठिकाणी लेकच चालवत असते. महावितरणचे बिल, सिलिंडरचे बुकिंग, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, आईच्या बँकेचा मेसेज. ती गेली की हे सगळे अडते, आणि अडले हे आई-बाबा फोनवर सांगत नाहीत. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधीपासून बिल बाबांना भरू द्या. शेजारी बसा, पण फोनला हात लावू नका. बहीण अक्षरशः हातावर बसायची. बाबा ग्राहक क्रमांक चुकवायचे, पुन्हा टाकायचे, "काहून होत नाही हे" म्हणायचे. दुसऱ्या महिन्याचे बिल भरल्यावर ते स्वतः शेजारच्या काकांचे बिल भरायला गेले.

फोनची वेळही इथेच ठरवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे बदलते. रात्री साडेनऊ ही वेळ बरी. तिकडे कामाचा दिवस संपलेला असतो, इकडे आईची झोपायची वेळ झालेली नसते.

नातेवाइकांकडे एकेकाच्या घरी जेवायला जाऊ नका, थकून जाल. एका रविवारी सगळ्यांना घरी बोलवा, पाटवडी रस्सा करा आणि तिथेच नमस्कार उरका. शेवटचे दोन दिवस पाहुणे नकोत. टेकडीच्या गणपतीला जायचे असेल, फुटाळा तलावावर मैत्रिणींबरोबर बसायचे असेल, त्यासाठी ते ठेवा. निघताना ओटी भरतील त्यातला नारळ आईकडे द्या. विमानतळावर तो बाहेर काढावा लागला तर उगाच मनाला लागते.

पोचल्यावर पहिला आठवडा

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. नवऱ्याला ते आधीच मागून ठेवायला सांगा. बँकेत फक्त संयुक्त खाते उघडून थांबू नका, एक स्वतःचे उघडा. आणि घराच्या टपालपेटीवर नवऱ्याच्या आडनावाशेजारी तुमचे आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवून घ्या. तिकडे सरकारी पत्रे, बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड सगळे टपालाने येते आणि पेटीवर नाव नसले तर पोस्टमन ते परत घेऊन जातो.