पोटाची चरबी आणि लेप्टिन: या चुका टाळा

वजन वाढलं की नागपुरात पहिला संशय थायरॉइडवर जातो. तपासून घ्या, हरकत नाही. पण चरबी स्वतःच हार्मोन सोडते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. त्यातलं सर्वांत जास्त चर्चेतलं हार्मोन म्हणजे लेप्टिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. साठा पुरेसा आहे, आता जेवण आवर, हा निरोप ते मेंदूला देतं.

मग लठ्ठ माणसात ते कमी असेल, असं वाटतं. पहिली चूक इथेच होते. चरबी जितकी जास्त, तितकं रक्तातलं लेप्टिनही जास्त असतं. मे महिन्यात रात्रभर चालणाऱ्या कूलरचा आवाज जसा काही वेळाने कानाला जाणवेनासा होतो, तसा मेंदू त्या निरोपाला सरावतो. म्हणून 'लेप्टिन वाढवणारी' पावडर विकत घेण्यात अर्थ नाही. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. त्याचं इंजेक्शन आहे, पण ते जन्मतः लेप्टिन न बनणाऱ्या किंवा शरीरात चरबीच नीट न साठणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी. रक्तातलं लेप्टिन मोजून घेण्याचा खर्चही माझ्या मते वायाच.

दुसरी चूक जास्त महागात पडते: सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' दिसलं की 'आजकाल सगळ्यांनाच असतं' म्हणून फाइल कपाटात. भूक आवरण्याच्या बाबतीत मेंदू दाद देत नसला, तरी वाढलेलं लेप्टिन इतर अवयवांना जाणवतंच. यकृतातल्या काही पेशींना ते चिवट तंतू विणायला लावतं, असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. ते तंतू वाढत गेले की यकृत कडक होतं. त्यातच ॲडिपोनेक्टिन हे चरबीचंच दुसरं, इन्सुलिनला मदत करणारं हार्मोन लठ्ठपणात घटतं. सांध्यांचंही तसंच. गुडघा वजनाने झिजतो हे पटतं, पण लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही जास्त आढळते. बोटांवर कुठे कोण उभं राहतं? म्हणजे नुसता भार हे कारण पुरत नाही. चरबीतून येणारे दाहकारक पदार्थ आणि लेप्टिन यांच्यावर संशोधकांचा संशय आहे.

कडक उपासाने महिन्यात दहा किलो उतरवायचा बेतही फसतो. एकदम खाणं तोडलं की चरबी जेवढी घटते त्यापेक्षा लेप्टिन कितीतरी वेगाने खाली येतं, मेंदू दुष्काळ पडला असं समजतो आणि भूक खवळते. मग फुटाळा तलावाची चक्कर संपताच तर्री-पोह्याची दुसरी प्लेट येते. झोप अपुरी असली तरी भूक वाढतेच.

आणि टेप! पँटची साइज म्हणजे कंबर नव्हे. पट्टा बहुधा पोटाच्या खाली बांधलेला असतो. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं, तर वजनकाटा काहीही म्हणो, साखर, रक्तदाब आणि यकृत तपासून घ्या. फॅटी लिव्हर असेल तर ७ ते १० टक्के वजन सावकाश उतरवल्यावर यकृताची सूज बहुतेकदा कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे साडेपाच ते आठ किलो झाले. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपास किंवा डाएट सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.