बोअर पूर्ण झाला, आता पाइल कसा ओतायचा

मुंबईत शिवडी-वडाळ्याच्या पट्ट्यात उंच इमारत उभी करायची तर वरचा समुद्री चिखल काही कामाचा नाही. त्याखाली पिवळट मुरूम लागतो, मग झिजलेला खडक आणि शेवटी ब्रेशिया (टोकदार तुकड्यांचा बनलेला खडक) किंवा काळा पाषाण. इमारतीचा भार तिथवर न्यायचा म्हणून बोअर पाइल, म्हणजे जमिनीत भोक (बोअर) पाडून त्यात ओतलेला काँक्रीटचा खांब. पायलिंगच्या साइटवर नव्याने आलेल्या इंजिनिअरांसाठी हे लिहितोय. बोअर पाडणारी रिग कशी चालवायची ते ऑपरेटरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुमची खरी कसोटी बोअर पूर्ण झाल्यावर लागते, कारण त्यानंतर वीस मीटर खाली जे बिघडेल ते कुणालाच दिसणार नाही.

हिशेबासाठी १००० मिलिमीटर व्यासाचा, २२ मीटर खोल पाइल धरू.

बोअर चालू असताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेलं लोखंडी नळकांडं. ते चिखल ओलांडून घट्ट थरात बसलंय का आणि दोन्ही दिशांनी ओळंब्यात आहे का, ते बघा. पाइलच्या भारतीय मानकात, आयएस २९११ मध्ये, उभ्या पाइलला ओळंब्यातून दीड टक्का सूट आहे. आपल्या पाइलच्या तळाशी ती ३३ सेंटिमीटर होते, म्हणजे सुरुवातीलाच सैल सोडलं तर केवढं सरकेल याचा अंदाज करा. दुसरी, बेंटोनाइट, म्हणजे बाजू ढासळू नयेत म्हणून बोअरमध्ये भरायचं मातीचं द्रावण. ते गोड्या पाण्यातच आणि आदल्या दिवशी भिजवून ठेवा, खाऱ्या पाण्यात ते नीट फुगत नाही, गुठळ्या होतात. ताज्या बेंटोनाइटची घनता १.०५ च्या आसपास आणि मार्श कोनमधून (दाटपणा मोजायचं नरसाळं) वाहायला ३० ते ६० सेकंद. बोअरमधली त्याची पातळी भूजलाच्या वरच राहिली पाहिजे. समुद्राजवळ भूजल भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होतं, तेव्हा पातळी भरतीच्या हिशेबाने ठेवा. तिसरी, खडक. बकेटमधून येणारे तुकडे धुऊन, खोलीची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा आणि बोअर लॉगशी ताडून बघा. सॉकेट, म्हणजे पाइलचा खडकात शिरलेला भाग, कुठून सुरू झालं हे ठरवताना तुकडे आणि रिगची गती, दोन्ही जुळले पाहिजेत. ब्रेशिया आणि टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) पाण्यात मऊ पडू शकतात, म्हणून सॉकेट मारून बोअर रात्रभर उघडा सोडू नका. आणि बोअर उघडा असेल तेवढा वेळ, अगदी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा, त्यावर जाळी हवीच. याला अपवाद नाही.

आता तळ. टेपला वजन बांधून खोली घ्या, पण एकाच जागी नको. मध्यभागी आणि कडेने चार ठिकाणी घ्या. वजन खडकावर आपटलं की हाताला स्पष्ट ठोका जाणवतो. गाळ असेल तर ते हळूच रुततं आणि वर उचलताना किंचित अडतं. हा फरक दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळत नाही, टेप स्वतः हातात घ्या. पाइलचा बराचसा भार सॉकेटवर असतो. तळाशी दहा सेंटिमीटर गाळ राहिला, तर टोकाचा आधार कागदावरच राहील.

केज, म्हणजे सळ्यांचा सांगाडा, उतरवण्याआधी कव्हर ब्लॉक (सळ्या बोअरच्या बाजूपासून दूर ठेवणारे ठोकळे) मोजा. जोडाचं वेल्डिंग बोअरच्या तोंडाशी घाईत होतं, तिथे उभे राहा.

केज गेला, ट्रेमी (तळापर्यंत काँक्रीट सोडायची नळी) बसली, की पुन्हा फ्लशिंग, म्हणजे बेंटोनाइट फिरवून तळ धुणं. केज उतरताना बाजूची माती खरवडून तळाशी गेलेली असते, त्यामुळे आधीची सफाई धरायची नाही. तळाचा नमुना काढून घनता बघा. १.१२ च्या वर असेल तर मी काँक्रीट सोडू देत नाही, ट्रान्झिट मिक्सर गेटवर उभा असला तरी. फ्लशिंग थांबवल्यावर गाळ पुन्हा बसू लागतो, म्हणून लगेच खोली घ्या आणि लगेच सुरू करा.

स्लंप (काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप) १५० ते १८० मिलिमीटर हवा, तो प्रत्येक गाडीचा तपासा. ट्रेमीचं टोक तळापासून २० सेंटिमीटर वर ठेवा. पहिल्या झटक्यातच टोक किमान एक मीटर काँक्रीटमध्ये बुडलं पाहिजे. म्हणजे तळापासून १.२ मीटर उंची, तिला साधारण ०.९५ घनमीटर लागतं. बाहेरच्या बेंटोनाइटचा दाब पेलायला २५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये जवळजवळ अर्धा घनमीटर उभं राहतं. म्हणून हॉपर (ट्रेमीवरचं नरसाळं) दीड घनमीटरचा घ्या आणि तो पूर्ण भरल्याशिवाय प्लग, म्हणजे त्याचं बूच, सोडू नका.

सहा घनमीटरची गाडी रिकामी झाली की काँक्रीट हिशेबाने ७.६ मीटर चढायला हवं. बोअर थोडा मोठा होतोच, तेव्हा सात मीटरच्या आसपास आलं तर ठीक. पाचच मीटर चढलं तर काँक्रीट कुठेतरी पोकळीत जातंय. नऊ मीटर चढलं तर जास्त घाबरा, बाजू आत ढासळून पाइलची मान आवळली असण्याची शक्यता आहे. ट्रेमीही याच मापावर काढायची. सात मीटर चढलं म्हणजे टोक ६.८ मीटर बुडालेलं. तीन मीटरचा एक तुकडा काढला की ३.८ उरतं. दुसराही काढला तर पाऊण मीटरच उरेल, तेव्हा थांबा. किमान दोन मीटर बुडालेलं राहिलंच पाहिजे. टोक एकदा बाहेर आलं की बेंटोनाइटचा थर मध्ये सापडतो आणि पाइलचे दोन भाग होतात. फोरमन घाई करेल, कारण ट्रेमी जाम होण्याची भीती त्याला असते आणि ती खोटी नाही. पण निर्णय टेपवरच घ्या. प्रत्येक गाडीची वेळ, चढलेली उंची आणि काढलेले पाइप तिथल्या तिथे लिहा, संध्याकाळी आठवून नको.

कट-ऑफच्या, म्हणजे पाइलचा माथा जिथे ठेवायचा त्या पातळीच्या, वर किमान ३०० मिलिमीटर जास्त ओता, कट-ऑफ खोल असेल तर आणखी. १४ दिवसांनंतर पाइल अखंड आहे का ते बघणारी इंटिग्रिटी टेस्ट करता येते, पण त्याआधी पाइलचं डोकं, म्हणजे हा जास्तीचा भाग, नीट फोडलेलं हवं. मोठा ब्रेकर लावला तर खालच्या चांगल्या काँक्रीटला तडे जातात, शेवटचा भाग हलक्या हाताने काढा. कट-ऑफला पोचूनही काँक्रीट मातकट दिसत असेल, खडी हाताने निघत असेल, तर चांगलं काँक्रीट लागेपर्यंत आणखी खाली फोडा आणि तिथून पुन्हा बांधून वर आणा.